झोपेत कोंडणारा श्वास

आपल्याकडे घोरणारा मनुष्य सुखी समजण्याची चाल आहे. "पाठ टेकली की लागले घोरायला; त्यांना कसली आली आहे चिंता!" असे घरची मंडळी कौतुकाने म्हणतात, आणि शेजारच्या खोलीत उतरलेला पाहुणा मात्र कूस बदलीत रात्र काढतो. घोरण्यावर विनोदही पुष्कळ झाले आहेत. परंतु घोरणे हे नेहमी गाढ झोपेचेच लक्षण असते असे नाही. कित्येकदा ते झोप मोडत असल्याचे, इतकेच नव्हे तर श्वास कोंडत असल्याचे लक्षण असते. आणि नवल असे की, ज्याचा श्वास कोंडतो त्यास सकाळी त्याची आठवणही नसते. या विकारास वैद्यकशास्त्रात स्लीप ॲप्निया असे नाव आहे. ॲप्निया हा शब्द मूळचा ग्रीक असून 'श्वास नसणे' असा त्याचा अर्थ होतो. आपण यास निद्राश्वासरोध म्हणू.

हा रोध कसा घडतो ते पाहू. नाकातून शिरलेली हवा घशातून श्वासनलिकेत उतरते. श्वासनलिकेस कूर्चेच्या कड्या असल्यामुळे ती सहसा मिटत नाही. परंतु तिच्या वरचा घशाचा भाग केवळ मांसाचा व स्नायूंचा आहे. जागेपणी हे स्नायू ताठ असतात व वाट मोकळी राहते. झोपेत ते सैल पडतात. उताणे निजल्यास जीभही मागे घसरते. वाट अरुंद झाली म्हणजे हवेच्या झोताने पडजीभ व टाळूचा मऊ भाग थरथरतो. तोच घोरण्याचा आवाज. येथवर फारसे बिघडत नाही. परंतु मान जाड असेल, घशात चरबी साठली असेल, खालचा जबडा आखूड असेल किंवा टॉन्सिल वाढलेल्या असतील, तर ती वाट पुरतीच बंद होते. छाती व पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो. अखेर मेंदू सावध होऊन क्षणभर झोप मोडतो, स्नायू ताठ होतात, मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास आत येतो, आणि मनुष्य पुन्हा झोपी जातो. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रकार.

श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा फार मंदावला, तर तो एक खंड मोजतात. तासास ५ पर्यंत खंड प्रौढ मनुष्यात चालण्यासारखे मानतात. ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम, व त्यापुढे तीव्र. म्हणजे तीव्र विकाराचा मनुष्य सात तास अंथरुणात असला तरी दोनशेहून अधिक वेळा त्याची झोप खंडित झालेली असते! असा मनुष्य सकाळी डोके जड घेऊन उठला, वर्तमानपत्र वाचता वाचता पेंगला, किंवा घरात विनाकारण खेकसू लागला, तर त्यात आश्चर्य ते काय? यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. प्रत्येक खंडाबरोबर हृदयावर ताण येतो व रक्तदाब उसळतो. वर्षानुवर्षे असे चालल्यास दिवसाचाही रक्तदाब चढा राहतो, हृदयाची लय बिघडण्याचा व पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि मधुमेह आटोक्यात आणणे कठीण जाते. दोन-तीन औषधे घेऊनही ज्यांचा रक्तदाब उतरत नाही, त्यांनी आपल्या घोरण्याची चौकशी अवश्य करावी.

हा रोग पाश्चात्त्यांचा, आपला नव्हे, असे कोणी समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हे पुरुष रोगी म्हणून आलेले नव्हते. नेहमीच्या आरोग्यतपासणीस आलेले होते. त्यांपैकी २५० जणांच्या झोपेची रात्रभर तपासणी झाली. झोपेत श्वास बिघडण्याचे प्रमाण शेकडा १९.५, व त्यासह दिवसा झोप अनावर होण्याचे प्रमाण शेकडा ७.५ असा त्यांचा अंदाज निघाला. स्त्रियांतही हा विकार आढळतो, विशेषतः ऋतुनिवृत्तीनंतर. परंतु त्यांची तक्रार बहुधा थकवा व निद्रानाश अशा रूपाने येते, आणि ती थकव्याची तक्रार घरात कोण ऐकून घेतो!

विकार जुनाच आहे. ओळख मात्र नवी. डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराने १८३६-३७ साली प्रसिद्ध केलेल्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे. तो उभ्याउभ्या झोपतो व घोरतो. वाचक त्यास हसत आले. १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाचे वर्णन करताना त्या पुस्तकाचे नाव त्या रोगास दिले. परंतु उपाय काय? बराच काळ गळ्यास छिद्र पाडून श्वासास वेगळी वाट करून देणे हाच खात्रीचा उपाय होता. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी एक साधी युक्ती जाहीर केली. नाकावर मुखवटा बसवून त्यातून सतत मंद दाबाने हवा सोडावयाची. त्या दाबामुळे घसा आतून उघडा राहतो, जणू रबरी नळीत हवा भरून तिच्या भिंती एकमेकींपासून दूर ठेवल्या आहेत. यास सीपॅप म्हणतात. मध्यम व तीव्र विकारात आजही हाच मुख्य उपचार आहे. या यंत्रातून औषध येत नाही व प्राणवायूचे नळकांडेही त्यास लागत नाही. खोलीतलीच हवा ते दाबाने देते. म्हणून 'याची सवय लागेल' ही भीती निरर्थक आहे. चष्म्याची जशी सवय लागते तशीच ही. वीज गेली की यंत्र थांबते, ही अडचण मात्र आपल्याकडे खरी आहे. इन्व्हर्टर किंवा बॅटरी यांची सोय आधी पाहून ठेवावी.

सर्वांसच यंत्र लागते असे नाही. वजन उतरविल्याने खंड कमी होतात. कित्येकांस केवळ उताणे निजल्यानेच त्रास होतो. त्यांनी कुशीवर निजावे. मद्य स्नायू अधिकच सैल करते. झोपेच्या कित्येक गोळ्यांचा परिणामही तसाच होतो. म्हणून घोरणाऱ्याने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अशी गोळी घेणे हे धोक्याचे साहस होय. सौम्य विकारात दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी पट्टी बसवितात. काहींस शस्त्रक्रिया लागते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषधखात्याने स्थूल प्रौढांच्या मध्यम व तीव्र निद्राश्वासरोधासाठी टिर्झेपॅटाइड या वजन उतरविणाऱ्या औषधास मान्यता दिली. परंतु ते डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेण्याजोगे नव्हे.

आता शिक्षक म्हणून ज्या गोष्टीची मला अधिक कळकळ वाटते तिच्याकडे वळतो. हा रोग मुलांतही असतो, आणि मुलांत त्याचे रूप निराळे असते. मुले सहसा स्थूल नसताही घोरतात, कारण नाकाच्या मागे असलेल्या ॲडेनॉइड नावाच्या गाठी व घशातील टॉन्सिल लहान वयात मोठ्या असतात. असे मूल तोंड उघडे टाकून निजते, घामाघूम होते, मान मागे टाकून विचित्र अवस्थेत लोळते, मोठे झाल्यावरही अंथरूण ओले करते. दिवसा ते पेंगेलच असे नाही. उलट चुळबुळ करते, चिडते, एका जागी बसत नाही. वर्गात अशा मुलास आपण काय म्हणतो? वांड, आळशी, लक्ष नसलेला. बाकावर उभे करतो. वसतिगृहात रात्री फेरी घालणाऱ्या शिक्षकास मात्र वेगळे दिसते: इतर मुले शांत निजलेली, आणि हा एकटा उघड्या तोंडाने श्वासासाठी झगडत असलेला. एकदा अशाच एका मुलाच्या आईस मी विचारले, "बाई, हा घरीही असाच घोरतो का?" ती म्हणाली, "गुरुजी, लहानपणापासून घोरतोय. त्याचे आजोबाही घोरायचे. आम्हाला वाटलं, घराण्याचंच आहे." घराण्यात ही प्रवृत्ती असू शकते, हे खरे. पण म्हणून तपासणी करावयाची नाही, असे थोडेच आहे!

अशा मुलांस कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे न्यावे. टॉन्सिल व ॲडेनॉइड काढल्याने पुष्कळांचा त्रास दूर होतो. मात्र अपेक्षा मापात असावी. ५ ते ९ वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर मुलांची झोप व वागणूक स्पष्टपणे सुधारली. परंतु एकाग्रतेच्या परीक्षेतील गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शस्त्रक्रिया केली म्हणजे मुलगा पहिला येईल, असे कोणी समजू नये.

थोरल्या विद्यार्थ्यांची तक्रार बहुधा श्वासाची नसते. झोपच पुरेशी न मिळण्याची असते. लातूर पॅटर्न हे नाव राजर्षी शाहू महाविद्यालयापासून निघून साऱ्या महाराष्ट्रात गाजले, आणि आज लातूर व नांदेड या दोन्ही शहरांत परगावची हजारो मुले खोल्या घेऊन वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी करतात. त्यांत कोण किती कमी झोपतो याची एक प्रकारची शेखी चालते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस ८ ते १० तास झोप आवश्यक आहे, असे निद्रातज्ज्ञांचे मत आहे. दिवसा वाचलेले झोपेत मेंदूत पक्के होते. रात्रभर जागून केलेले पाठांतर म्हणजे ओल्या भिंतीवर दिलेला रंग. शिवाय तारुण्याच्या आरंभी शरीराचे घड्याळच मागे सरकते, झोप उशिरा येते. महाराष्ट्र शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय काढला. निर्णय चांगलाच आहे. परंतु ज्यांचे घड्याळ खरोखर मागे सरकलेले असते ती आठवी ते बारावीची मुले त्यातून सुटली, आणि त्यांचे क्लास मात्र पहाटे सुरू होतात.

ज्यास वेळ असूनही झोप लागत नाही त्याचा प्रश्न वेगळा. त्याने प्रथम सायंकाळचा चहा सोडून पाहावा. चहा-कॉफीतील द्रव्याचा सुमारे अर्धा अंमल पाच-सहा तासांनीही शरीरात उरलेला असतो. मोबाइल उशाशी ठेवू नये. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांपूर्वी वर्तनोपचार करावा असे अमेरिकेतील वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेने २०१६ साली सुचविले. त्याचे नियम ऐकावयास सोपे व पाळावयास कठीण आहेत: उठण्याची वेळ रोज एकच, अंथरूण केवळ निजण्यासाठी, वीसेक मिनिटांत झोप न लागल्यास उठून मंद उजेडात बसावे व डोळे जड झाल्यावरच परतावे. झोप येत नाही म्हणून नऊ वाजल्यापासून अंथरुणात पडून राहणे हा उलटा उपाय आहे.

आपल्या भागातील काही जागरणे मात्र अशा नियमांनी सुटणारी नाहीत. शेतपंपास रात्रपाळीची वीज आली की शेतकऱ्यास अंधारात बारे द्यावे लागते. शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आरंभिली, तीही या जागरणावरचा एक उपायच होय. तोवर रात्रभर शेतात राबलेल्याने सकाळी अंधाऱ्या खोलीत निजावे, घरच्यांनी त्यास उठवू नये, आणि त्याने पेंगत मोटारसायकल चालवू नये.

दुसरे जागरण भीतीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात धरणी हादरली. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून थकलेले लोक गाढ झोपेत होते. दगडमातीच्या जाड भिंती व वरची जड माळवदे त्यांच्या अंगावर कोसळली, आणि लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. वाचलेल्यांपैकी पुष्कळांस पुढे छताखाली निजण्याचाच धसका बसला. २०२४ साली मार्च व जुलै या महिन्यांत हिंगोली-नांदेड भागात धक्के बसले तेव्हाही लोक घराबाहेर धावले. अशा मनुष्याची झोप आळसाने वा चहाने बिघडलेली नसते; मेंदू पहारा सोडावयास तयार नसतो. त्यास 'विसरून जा' म्हणण्यात अर्थ नाही. वारंवार तीच स्वप्ने पडत असतील, पहाटेच्या ठराविक वेळी दचकून जाग येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. अशा दुःस्वप्नांवर संभाषणाचे उपचार आहेत व ते लागू पडतात.

आणखी एक तक्रार बायकांच्या तोंडून वारंवार ऐकू येते: रात्री निजताच पायांत वळवळ होते, पाय हलविल्यावाचून चैन पडत नाही. हा भ्रम नव्हे. शरीरातील लोहाचा साठा कमी असल्यास हा विकार बळावतो. रक्ताची तपासणी करून लोह भरून काढल्यास पुष्कळींस आराम पडतो.

श्वासरोधाची शंका आल्यास आरंभ घरीच करता येतो. घरातील कोणी दोन रात्री लक्ष ठेवावे: घोरणे मध्येच एकदम थांबते काय, किती वेळ थांबते, पुढे हुंदक्यासारखा आवाज येतो काय. मोबाइलवर त्याचे ध्वनिमुद्रण करावे. सकाळचे डोके दुखणे, रात्री लघवीस उठणे, दिवसाची पेंग, चालू असलेली औषधे हे सारे कागदावर टिपावे. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तेथील कान-नाक-घसा किंवा छातीविकार विभागात हा कागद व ते मुद्रण दाखवावे. झोपेची तपासणी कोठे व्हावी ते डॉक्टर सांगतील. तीत डोक्यास तारा, नाकापाशी नळी, छाती-पोटास पट्टे व बोटास प्राणवायू मोजणारा चिमटा लावून रात्रभर नोंद घेतात. काहींची तपासणी लहान यंत्राने घरच्या घरीही होते. सुई टोचीत नाहीत, दुखत नाही. इतक्या तारा अंगावर घेऊन झोप कशी लागणार, असे सर्वच जण विचारतात. परंतु या रोगाच्या मनुष्यास ती बहुधा सर्वांआधी लागते.