आकाशगंगेच्या छायाचित्रासाठी अंधाराचा शोध

रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती, पश्चिमेला भिलाईचा पोलाद कारखाना आणि त्याभोवतीची दाट वस्ती, तर आग्नेयेला नवा रायपूर. या सर्व दिव्यांच्या उजेडामुळे छत्तीसगडच्या राजधानीवरील आकाश रात्रभर तांबूस-पिवळे राहते. गच्चीवरून व्याध, मृग, गुरू किंवा शुक्र ओळखता येतात. आकाशगंगेचा पट्टा मात्र हरवलेला असतो. भूदृश्य आणि तारांकित आकाश एकाच चौकटीत टिपू पाहणाऱ्या छायाचित्रकाराला म्हणूनच शहराबाहेर पडावे लागते.

भारतात अशा छायाचित्रणासाठी सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे लडाखमधील हानले. चांगथांगच्या या शीत वाळवंटात वर्षाला १० सेंटिमीटरपेक्षाही कमी पर्जन्यवृष्टी होते. सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा असून तेथील दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळूरजवळील होसकोटे येथून उपग्रहाद्वारे चालवली जाते. विरळ व कोरडी हवा आणि विस्तीर्ण परिसरात तुरळक वस्ती यांमुळे येथील आकाश विलक्षण काळे दिसते. डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे १,०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र गडद आकाश राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्यात आले. खिडक्यांना जाड पडदे लावणे, दिव्यांना झाकण बसवणे आणि वाहनांचे प्रखर दिवे टाळणे या गोष्टी येथे अपेक्षित आहेत. वेधशाळेचे अभियंता दोर्जे आंगचुक यांनी टिपलेली हानलेची छायाचित्रे जगभर पोहोचली आहेत. मे २०२४ मधील तीव्र सौर वादळात तर या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाशही कॅमेऱ्यांत नोंदला गेला.

तथापि एका बाबतीत रायपूर हानलेपेक्षा भाग्यवान आहे. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग, म्हणजे तिचे केंद्र, धनू राशीत दक्षिणेकडे आहे. निरीक्षक जितका दक्षिणेला, तितके हे केंद्र क्षितिजापासून वर येते. सुमारे ३३ अंश उत्तर अक्षांशावरील हानले येथून ते जास्तीत जास्त २८ अंश उंचीवर दिसते. रायपूर २१ अंशांवर असल्याने तेथून ते ४० अंशांपर्यंत चढते. म्हणजे वाळवंटातील छायाचित्रकाराला जे डोंगरमाथ्यांलगत शोधावे लागते, ते मध्य भारतात बरेच वर, मोकळ्या आकाशात येते. उणीव आहे ती अंधाराची आणि कोरड्या हवेची.

अंधाराला एवढे महत्त्व का, हे कॅमेऱ्याच्या कामावरून समजते. डोळा क्षणाक्षणाचे चित्र पाहतो, तर कॅमेऱ्याचा संवेदक अनेक सेकंद प्रकाश साठवतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे तासाला १५ अंश सरकतात, म्हणून साठवणुकीला मर्यादा पडते. पूर्ण आकाराच्या संवेदकासाठी ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने भागण्याचा ढोबळ नियम वापरतात. वीस मिलिमीटरच्या भिंगाला त्यानुसार २५ सेकंद मिळतात. त्यानंतर तारे ठिपक्यांऐवजी रेघा दिसू लागतात. या अवधीत संवेदक ताऱ्यांचा प्रकाश साठवतो, तसाच शहरी दिव्यांचाही साठवतो. धूळ आणि धूर तो उजेड आणखी पसरवतात. नंतर संगणकावर कितीही संस्कार केले, तरी उजेडात बुडालेला क्षीण तपशील परत आणता येत नाही. कॅमेऱ्यातील गडद रंग डोळ्यांना दिसत नाहीत हेही खरे; अगदी काळ्या आकाशातही आकाशगंगा डोळ्यांना फिकट राखाडी ढगासारखीच भासते, आणि तेवढी दिसण्यासाठीही वीस-तीस मिनिटे अंधारात काढावी लागतात.

दुसरी अडचण ऋतूची. आकाशगंगेचे केंद्र रात्रीच्या पूर्वार्धात उत्तम दिसते ते जून ते सप्टेंबर या काळात, आणि नेमके तेव्हाच छत्तीसगडवर मोसमी ढग दाटलेले असतात. हिमालयाच्या पर्जन्यछायेतील हानलेला या ढगांचा त्रास तुलनेने कमी.

अंधाराची अडचण मात्र माणसाच्या हातातली आहे, आणि तिचे उत्तर रायपूरहून फार दूर नाही. नागपूरच्या उत्तरेला, जवळजवळ रायपूरच्याच अक्षांशावर असलेल्या महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. आशियातील हे पाचवे. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक सार्वजनिक दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवण्यात आला. गावे अंधारात गेली नाहीत. आकाशाकडे वाया जाणारा उजेड तेवढा थांबला. वाघोडा तलावाजवळ आकाशदर्शनाची मचाण आणि दुर्बिणीची सोयही करण्यात आली.

जगातील स्थिती पाहता हा प्रयत्न किरकोळ म्हणता येणार नाही. प्रकाश प्रदूषणाच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रदूषित आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून अधिक मानवजातीला आकाशगंगा दिसतच नाही.

रायपूर परिसरात महानदीकाठचे सिरपूर, धमतरीजवळचे गंगरेल धरण आणि बारनवापारा अभयारण्याच्या आसपासची गावे येथे आकाश शहरापेक्षा निश्चितच बरे आहे. सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर किंवा धरणाचे शांत पाणी अग्रभागी उत्तम शोभते, मात्र स्मारक व वनक्षेत्रात रात्री थांबण्याविषयीचे नियम आधी विचारून घ्यावेत. अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडाव्यात. एप्रिलच्या मध्यास पहाटे चारच्या सुमारास धनू रास थेट दक्षिणेला सर्वांत उंच असते. साडेचारनंतर संधिप्रकाश सुरू होतो. पावसानंतर, ऑक्टोबरच्या मध्यास, हवा धुतलेली असते, परंतु सायंकाळी सातला केंद्र नैर्ऋत्येला २६ अंशांवर उतरलेले असते आणि पुढच्या दोन तासांत क्षितिजाला टेकते.