मतपत्रिकेच्या तळाशी उभा असलेला वकील

टेक्सासातले ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस काउंटीत येते, तिथली नोव्हेंबरची मतपत्रिका संपता संपत नाही. वर राष्ट्राध्यक्ष, सिनेट, काँग्रेस किंवा गव्हर्नर यांसारख्या मोठ्या पदांचे उमेदवार, मग 'रेलरोड कमिशनर'. या कमिशनरकडे आता रेल्वे उरलेली नाही, तेल आणि वायूच्या धंद्याचे नियमन आहे. त्याखाली न्यायाधीश सुरू होतात: राज्याची सर्वोच्च न्यायालये, अपील न्यायालये, जिल्हा न्यायालये, काउंटीची न्यायालये. काही वर्षी लढतींची संख्या शंभराच्या घरात जाते. प्रत्येक नावाशेजारी पक्षाची खूण असते. बहुतेक ठिकाणी रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट, आणि अधूनमधून एखाद्या नावापुढे लिबर्टेरियन.

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाच्या हाती ही मतपत्रिका पहिल्यांदा येते तेव्हा तो चक्रावतो. मुंबई उच्च न्यायालयात कोण बसणार, हे आपल्याकडे मतदाराला कुणी विचारत नाही. कॉलेजियम शिफारस करते, राष्ट्रपती नेमणूक करतात. टेक्सासात मात्र न्यायाधीश मते मागतो, आणि तीही पक्षाच्या चिन्हावर.

या राज्याला सर्वोच्च न्यायालये दोन आहेत. दिवाणी खटल्यांसाठी सुप्रीम कोर्ट आणि फौजदारी खटल्यांसाठी कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स. दोन्हींत नऊ-नऊ न्यायाधीश, सहा-सहा वर्षांची मुदत, मतदारसंघ अख्खे राज्य. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे असलेले टेक्सास २५४ काउंट्यांत विभागलेले आहे. पूर्व-पश्चिम जाणारा आय-१० हा एक महामार्गच राज्यात सुमारे ८८० मैल धावतो. या सगळ्या मुलखातून मते मागायची, आणि तीही अशा पदासाठी, ज्याचे नाव बहुतेक मतदारांनी कधी ऐकलेलेही नसते.

पद मात्र लहान नाही. टेक्सासात फाशीची शिक्षा झाली की अपील मधल्या न्यायालयात जात नाही, थेट या फौजदारी न्यायालयात येते. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांचे हेबियस कॉर्पस अर्जही इथेच निकाली निघतात. १९८२पासून या राज्याने साडेपाचशेहून अधिक माणसांना मृत्युदंड दिला आहे, आणि अमेरिकेतले दुसरे कोणतेही राज्य या आकड्याच्या जवळपासही नाही. २५ सप्टेंबर २००७ रोजी वॉशिंग्टनमधल्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विषारी इंजेक्शनाच्या पद्धतीविरुद्धचे एक प्रकरण सुनावणीला घेतले. त्याच संध्याकाळी टेक्सासात मायकेल रिचर्ड याला मृत्युदंड द्यायचा होता. संगणक बिघडल्यामुळे अर्जाला थोडा उशीर होईल, असे त्याच्या वकिलांनी कळवले. टेक्सासच्या फौजदारी न्यायालयाच्या तेव्हाच्या मुख्य न्यायाधीश शॅरन केलर यांनी कार्यालय पाचनंतर उघडे ठेवू दिले नाही. रिचर्डला त्याच रात्री इंजेक्शन दिले गेले. केलर यांना न्यायिक आचरण आयोगाने २०१०मध्ये जाहीर ताकीद दिली, पुढे विशेष न्यायपीठाने ती रद्द केली. २०१२ आणि २०१८ अशा दोन्ही वेळा मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

म्हणजे एका माणसाचा जीव घड्याळाच्या काट्यावर तोलणारे हे पद. ते आणि सुप्रीम कोर्टातले पद कुणाला मिळते, याचा इतिहास वाचला की काळजी वाटते. १९७६मध्ये डॉन यारब्रो नावाचा फारसा कुणाला ठाऊक नसलेला वकील सुप्रीम कोर्टावर निवडून आला. त्याचे आडनाव राज्यातल्या दोन नामवंत नेत्यांच्या आडनावासारखे ऐकू येत होते आणि मतदारांची गल्लत झाली. सहा-सात महिन्यांत त्याला राजीनामा द्यावा लागला, पुढे खोट्या साक्षीबद्दल तो दोषी ठरला. १९९४मध्ये स्टीव्ह मॅन्सफील्ड फौजदारी न्यायालयावर निवडून आले. फौजदारी कामाचा आपला अनुभव त्यांनी फुगवून सांगितला होता, हे निवडणुकीआधीच उघड झाले होते. तरीही रिपब्लिकन लाटेत बारा वर्षांचा अनुभव असलेले न्यायाधीश हरले आणि मॅन्सफील्ड यांनी सहा वर्षांची मुदत पूर्ण केली. २०१६मध्ये स्कॉट वॉकर या डॅलसच्या वकिलाने जवळजवळ प्रचार न करताच याच न्यायालयासाठीची रिपब्लिकन उमेदवारी जिंकली. विस्कॉन्सिनच्या तेव्हाच्या गव्हर्नरांचे नावही तेच होते. नोव्हेंबरमध्ये तेही निवडून आले.

अशा लढतींत, मतपत्रिकेच्या खाली, जिथे मतदाराचे बोट कंटाळून थांबते, तिथे तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे बहुधा सरकारी हस्तक्षेप कमीत कमी असावा असे मानणाऱ्या लिबर्टेरियन पक्षाचा, वकील उभा राहतो.

त्याचा रस्ता दोन मोठ्या पक्षांहून वेगळा आहे. त्यांचे उमेदवार प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या मतदारांनी केलेल्या मतदानातून ठरतात. लिबर्टेरियन पक्षाचे उमेदवार अधिवेशनात ठरतात. मार्चमध्ये आधी प्रभागाचे, मग काउंटीचे अधिवेशन होते, आणि एप्रिलमध्ये राज्याचे. त्या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत दिलेले नाही, एवढी पक्षनिष्ठा शपथेवर सांगितली की कोणीही प्रभागाच्या बैठकीत बसू शकतो. प्रतिनिधींपुढच्या पर्यायांत 'वरीलपैकी कोणीही नाही' हाही असतो. म्हणजे एकट्याने उभे राहूनही हरता येते. या न्यायालयांसाठी वकिलाचे वय किमान ३५ हवे आणि वकिलीची किंवा न्यायाधीशपदाची दहा वर्षे पूर्ण हवीत. २०२१मध्ये मतदारांनी घटनादुरुस्तीने ही अट आणखी कडक केली: ती दहा वर्षे टेक्सासच्याच सनदेवरची असली पाहिजेत. या अटीमुळे छोट्या पक्षाची अडचण होते. इतर पदांसाठी उत्साही शिक्षक चालतो, दुकानदार चालतो, इथे मात्र चालती प्रॅक्टिस असलेला वकीलच लागतो. प्रचारातला प्रत्येक दिवस अशिलांच्या तारखांमधून काढायचा, खर्च बहुधा पदरमोड करून भागवायचा, आणि बहुतेक वेळा ज्या न्यायालयापुढे उद्या उभे राहायचे आहे, त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशाविरुद्ध लढायचे.

२०१९पर्यंत अधिवेशनातून येणाऱ्या उमेदवारांना शुल्क नव्हते. त्या वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला. आता राज्यव्यापी न्यायाधीशपदासाठी ३,७५० डॉलर भरा किंवा ५,००० मतदारांच्या सह्या आणा.

प्रचाराची तऱ्हाही निराळी. कर उतरवीन, रस्ते बांधीन, असे न्यायाधीश होऊ पाहणाऱ्याला सांगता येत नाही. समोर येऊ शकणाऱ्या खटल्यांत आपण कसा निकाल देऊ याची आश्वासने देण्यास राज्याची न्यायिक आचारसंहिता उमेदवारालाही मनाई करते. लिबर्टेरियन वकिलाला अमली पदार्थांचे कायदे कितीही अन्यायकारक वाटत असले, तरी अशा खटल्यातल्या आरोपीला सोडून देईन, असे तो म्हणू शकत नाही. मग त्याच्याजवळ उरते काय? झडती घ्यायला वॉरंट लागते हे पोलिसांना आठवण करून देणारा न्यायाधीश कसा असावा, सरकारी पक्षाची चूक किरकोळ म्हणून किती वेळा सोडून द्यावी, कैद्याचा अर्ज किती बारकाईने वाचावा, अशा गोष्टी. त्या सांगायला जागा फार थोड्या. वकील संघटनांच्या बैठका, वर्तमानपत्रांच्या संपादक मंडळापुढची मुलाखत, आणि 'लीग ऑफ विमेन व्होटर्स' या संस्थेची मतदार-पुस्तिका. या पुस्तिकेत उमेदवारांना प्रश्न पाठवले जातात आणि आलेली उत्तरे शेजारी-शेजारी छापली जातात. तिथे तिसऱ्या पक्षाच्या वकिलाच्या उत्तरालाही विद्यमान न्यायाधीशाइतकीच जागा मिळते. सगळ्या मोहिमेत बरोबरीचे असे ठिकाण क्वचितच दुसरे सापडेल.

आता मतांचे गणित पाहू. १९९४नंतर टेक्सासात एकही डेमोक्रॅट राज्यव्यापी निवडणूक जिंकलेला नाही. त्यामुळे न्यायालयाच्या काही जागांवर डेमोक्रॅटिक पक्ष उमेदवारच देत नसे. अशा जागी लिबर्टेरियन वकील हाच एकमेव विरोधक उरतो. २००८मध्ये विल्यम ब्रायन स्ट्रेंज यांनी न्यायाधीश कॅथी कॉक्रन यांच्याविरुद्ध दहा लाख मतांचा टप्पा ओलांडला. २०१२मध्ये ह्यूस्टनचे फौजदारी वकील मार्क बेनेट यांनी न्यायाधीश बार्बरा हर्वी यांच्याविरुद्ध सुमारे १३ लाख मते मिळवली. पाचांतल्या एकाहून अधिक मतदारांनी त्यांना कौल दिला होता.

ही मते उमेदवाराची किती आणि रिकाम्या जागेची किती, हे मार्क अ‍ॅश यांच्या दोन निवडणुका शेजारी ठेवल्या की कळते. २०१६मध्ये त्यांच्यासमोर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट दोघेही होते. मते गेली एक आकडी टक्क्यांत. २०१८मध्ये मिशेल स्लॉटर यांच्याविरुद्ध डेमोक्रॅट कोणी नव्हता, आणि त्याच अ‍ॅश यांना जवळजवळ चौथा हिस्सा मते पडली. त्या वर्षी एका खुणेत पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देण्याची सोय अजून होती. ती २०२०च्या निवडणुकीपासून बंद झाली. डेमोक्रॅटिक पक्षाची ती एक खूण करून मोकळ्या झालेल्या मतदाराचा या लढतीतला रकाना कोराच राहत होता. अ‍ॅश यांना मत द्यायचे तर मुद्दाम तळापर्यंत यावे लागत होते. तरीही लाखो लोक आले.

या टक्क्यांना आणखी एक मोल होते. राज्यव्यापी लढतीत एका जरी उमेदवाराला पाच टक्के मते मिळाली, तर पक्षाचे नाव पुढच्या निवडणुकीत आपोआप मतपत्रिकेवर येई. नाही मिळाली, तर मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या एकूण मतांच्या एक टक्का सह्या गोळा करायच्या. २०२०साठी तो आकडा ८३,४३४ इतका होता. सही करणारा त्या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मतदान केलेला नको, आणि मुदत फक्त ७५ दिवसांची. गव्हर्नरपदाचा लिबर्टेरियन उमेदवार एक-दोन टक्क्यांवर अडकत असताना पक्षाचे घर राखले ते न्यायालयाच्या या लढतींनी. २०१९च्या कायद्याने एकीकडे शुल्क लावले, तर दुसरीकडे ही अट सैल केली: मागच्या पाच सार्वत्रिक निवडणुकांपैकी एकीत दोन टक्के मते पुरेशी.

या वकिलांना हौशी म्हणून निकालात काढणाऱ्यांनी बेनेट यांचे पुढचे वर्ष पाहावे. हर्वी यांच्याकडून हरल्यानंतर वर्षभरात ते याच न्यायालयापुढे उभे होते, यावेळी जॉन लो या आरोपीचे वकील म्हणून. अल्पवयीन मुलांशी ऑनलाइन अश्लील संभाषण करणे हा गुन्हा ठरवणारे एक कलम इतके सैल शब्दांत लिहिले आहे की त्यात घटनेने संरक्षण दिलेले बोलणेही सापडते, असा त्यांचा युक्तिवाद होता. असल्या आरोपीची बाजू घेऊन टाळ्या मिळत नाहीत. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी न्यायालयाने ते कलम एकमताने घटनाबाह्य ठरवले. निकाल लिहिला कॅथी कॉक्रन यांनी, आणि एकमतात हर्वी यांचेही मत होते. लाखो मतदारांनी ज्याला नाकारले, त्याचा कायद्याचा अभ्यास त्याच न्यायाधीशांना पटला होता. बेनेट २०१४मध्ये पुन्हा उभे राहिले. यावेळी डेमोक्रॅटही रिंगणात होता, आणि मते एक आकडी टक्क्यांवर आली.

मग अशा जागेवरचा न्यायाधीश बदलतो तरी कसा? त्याचे उत्तर मार्च २०२४मध्ये मिळाले. डिसेंबर २०२१मध्ये फौजदारी न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ठरवले होते की, स्थानिक सरकारी वकिलाने बोलावल्याशिवाय राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलला निवडणूक गुन्ह्यांचे खटले परस्पर चालवता येणार नाहीत. अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी त्या बहुमतातल्या न्यायाधीशांना हटवण्याची मोहीम उघडली. २०२४मध्ये त्यांतल्या तिघींच्या जागा निवडणुकीला होत्या: केलर, हर्वी आणि स्लॉटर. तिघीही रिपब्लिकन, आणि तिघीही रिपब्लिकन प्रायमरीतच हरल्या. हर्वी २००१पासून न्यायासनावर होत्या. त्या प्रायमरीत सुमारे २३ लाख लोकांनी मतदान केले. नोव्हेंबरला मत देणारे होते एक कोटी तेरा लाखांच्या आसपास.

पाच मतदारांपैकी एकाने मार्चमध्ये निवड करायची आणि उरलेल्या चौघांनी नोव्हेंबरमध्ये तिच्यावर शिक्का मारायचा, हे फौजदारी न्यायाच्या दृष्टीने घातक आहे. न्यायाधीशाने अप्रिय निकाल दिला की त्याचा हिशेब फक्त स्वतःच्या पक्षाच्या कडव्या मतदारांपुढे होतो. वॉलेस जेफरसन, नेथन हेक्ट यांच्यासारख्या सुप्रीम कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांनीही पक्षीय निवडणुकीची ही पद्धत बदलण्याची मागणी वारंवार केली, विधिमंडळाने ती मान्य केली नाही. तोवर नोव्हेंबरच्या मतदारापुढे दुसरे नाव ठेवण्याचे काम कुणीतरी केलेच पाहिजे. २००८, २०१२ आणि २०१८ची लाखो मते सांगतात की, नाव दिसले तर माणसे तळापर्यंत येतात.

त्या तिन्ही जागांची मुदत २०३०मध्ये संपते. सध्याच्या नियमांनुसार अर्जाची अखेरची तारीख २०२९च्या डिसेंबरातला दुसरा सोमवार असेल. डेमोक्रॅटिक पक्षाने त्यातली एखादी जागा पुन्हा सोडून दिली, तर दहा वर्षांची सनद असलेला, ३,७५० डॉलर भरण्याची तयारी असलेला आणि एप्रिलच्या अधिवेशनात 'कोणीही नाही'ला हरवू शकणारा एक वकील त्या दिवसाआधी पुढे यावा लागेल. नाहीतर नोव्हेंबरमध्ये त्या रकान्यात एकच नाव छापलेले असेल.