नगरला तीन तास मिळाले तर



पुण्याच्या भीमथडी जत्रेत नाहीतर मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये माल विकून परत निघालं, की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या बायांना बहुतेक वेळा नगरला गाडी बदलावी लागते. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आपल्या तोंडी अजून नगरच आहे. समजा, दुपारी एकला आपण उतरलो आणि गावची गाडी साडेचारला आहे. मग आपण काय करतो? पिशव्यांवर बसून राहतो. शेजारची म्हणते, "कशाला उगं हिंडायचं? गाडी चुकली म्हंजी?"

गाडी चुकण्याची भीती खरी आहे, ती सोडायची नाही. पण त्या भीतीपायी सगळा वेळ बसून काढायचीही गरज नाही. आज याच वेळेचा हिशोब मांडू. गटाचा हिशोब आपण पै-पैचा ठेवतो, तसाच हा मिनिटांचा.

उतरल्यावर पहिली वीस मिनिटं तीन कामांना. एक, चौकशीच्या खिडकीवर जाऊन आपली गाडी किती वाजता, कोणत्या स्थानकावरून सुटते, आणि तिच्यामागून दुसरी कधी आहे, हे विचारायचं. नगरात माळीवाडा, तारकपूर, पुणे बसस्थानक अशी वेगवेगळी स्थानकं आहेत, म्हणून उतरलो तिथूनच गाडी मिळेल असं धरायचं नाही. दोन, बाथरूमला जाऊन यायचं आणि पाणी प्यायचं. प्रवासात लघवीला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यानं लघवीची जळजळ होते, ताप येतो, मग दवाखान्याचा खर्च. सुटे पैसे जवळ ठेवा आणि पाणी प्या. तीन, घरी फोन करायचा : "गाडी साडेचारची आहे, तोवर नगरात गटाचं काम उरकतो." एवढं सांगितलं की घरची काळजी कमी होते आणि आपल्यालाही चोरट्यासारखं वाटत नाही.

चारला परत स्थानकावर यायचं, हे आधीच ठरवून टाका. म्हणजे हातात उरले अडीच तास. त्यात दोनच गोष्टी बसवा : एक काम आणि एक बघणं. चार गोष्टी धरल्या की धावपळ होते आणि एकही धड होत नाही.

काम कोणतं? आपण पापड, मसाले, चटण्या करतो. डाळमंडई आणि आडते बाजारात जाऊन उडीद डाळीचा, मिरचीचा ठोक भाव विचारा. बरण्या, पाकिटं, लेबलं यांचे भाव विचारा. घ्यायचंच असं नाही. वहीत लिहून आणा, म्हणजे तालुक्याच्या दुकानदारानं सांगितलेला भाव खरा की चढा, हे पुढच्या बैठकीत ताडून बघता येईल. कापड बाजारही जवळच आहे, पण तिथं शिरण्याआधी बाहेर पडायची वेळ ठरवा!

आता बघणं. किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे. लहानशीच, पण दगडावरचं कोरीवकाम बघत राहावं असं. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतली एक-एक दमडी बाजूला काढून ती बांधली, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. बचत गटाच्या बाईला याचा अर्थ वेगळा समजवायला नको.

किल्ला मात्र लष्कराच्या ताब्यात आहे. आधारकार्ड जवळ ठेवा, आणि आत जाता येईलच असं धरू नका. बाहेरून खंदक बघितला तरी समजतं, की १५९५-९६ साली मोगलांच्या वेढ्यात चांदबीबीनं हा किल्ला कसा लढवला असेल. सुरुंगानं तट फुटला, तेव्हा तिनं रातोरात तो बुजवून घेतला. ऑगस्ट १९४२ पासून नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद याच किल्ल्यात कैदेत होते, आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे पुस्तक नेहरूंनी इथंच १९४४ साली लिहिलं.

एवढं लांब जायचं नसेल, तर माळीवाड्यातलं विशाल गणपतीचं दर्शन घ्या. ते शहराचं ग्रामदैवत.

सामानाचं काय? दोघींनी सामानाजवळ बसायचं, बाकीच्यांनी जायचं. पण दर वेळी त्याच दोघी नकोत, पाळी ठेवा. गुडघे दुखणाऱ्या मावशींना बसायचंच असेल तर बसू द्या, तोही विसावाच आहे. विक्रीचे पैसे एकीच्याच पिशवीत ठेवू नका. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा, चौघी मिळून जा. आणि गटातल्या एका ताईचा नंबर प्रत्येकीजवळ कागदावर लिहिलेला असू द्या, कारण मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. गाडी बदलली तर तिकिटं दोन लागतात, पण दोन्ही अर्धीच. प्रवास स्वस्त झाला, तसा तो आपल्या उपयोगाचाही व्हावा.

शेवटी एक गोष्ट सांगते. एकोणिसाव्या शतकात याच नगरात मिस फॅरार मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या पाहून जोतिराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढावीशी वाटली, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण फॅरारबाईंकडेच घेतलं. बाईनं घराबाहेर पडून शिकणं पाप समजलं जायचं, त्या काळात सावित्रीबाई या शहरात शिकायला आल्या. आपल्याला तर अडीच तासच काढायचे आहेत.

तेव्हा पुढच्या प्रदर्शनाला जाण्याआधी बैठकीत हा विषय घ्या. परतीच्या वाटेवर नगरला कोणतं काम, काय बघायचं, सामानाजवळ कोण, हे इतिवृत्ताच्या वहीत लिहा. लिहिलेलं असलं की स्थानकावर वाद होत नाहीत आणि कोणी एकटी मागे पडत नाही.