हौदातला मासा, नदीतला मासा

नाशिकच्या धरणांत मत्स्यबीज केंद्रांतली बोटुकली सोडली जातात, ती मुख्यतः रोहू, कटला आणि मृगळ यांची. हे मासे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले. धरणातली मासेमारी त्यांच्यावर चालते. नदीतला स्थानिक मासा टिकवायचा असेल, तर मात्र एवढ्याने भागत नाही.

केंद्राच्या हौदात खाणे आयते मिळते; तिथे पूर नसतो, शिकारी मासाही नसतो. नदीत पहिल्याच पावसाळ्यात मेले असते असे पिल्लूही तिथे वाढते आणि पुढे प्रजनन करते. मोजक्याच जोड्यांपासून लाखो पिल्ले काढल्याने आनुवंशिक विविधताही आटते. अमेरिकेतल्या हूड नदीतल्या स्टीलहेड ट्राउटवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रात वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे माशांची नदीतली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले.

दुसरा धोका परक्या नदीचा. दख्खनचा महासीर हा मासा निसर्गअभ्यासक सायक्सने १८३९ मध्ये मुळा-मुठेतून नोंदवला. लोणावळ्यात टाटांच्या केंद्राने त्याची पैदास यशस्वी केली आणि ही पिल्ले कावेरीतही सोडली गेली. तिथे त्यांची संख्या फोफावली. कावेरीचा स्वतःचा कुबडा महासीर मात्र दुर्मीळ होत गेला. २०१८ मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला.

म्हणून बीज सोडण्याआधी ते कोणत्या नदीचे आणि किती जोड्यांचे, हे विचारावे. विणीच्या जागा, वाहते पाणी आणि पावसाळ्यातली मासेमारीबंदी सांभाळली, तर नदी स्वतःचे बीज स्वतःच तयार करते.