नवी डिझेल मोटार : रुळवणी आणि इंधनाचा हिशेब

नवा खोंड घरी आणला म्हणजे कोणताही जाणता शेतकरी त्यास पहिल्याच दिवशी नांगरास जुंपून दिवसभर हाकीत नाही. तसेच तो जपला जावा म्हणून सहा महिने दावणीस नुसता बांधूनही ठेवीत नाही. प्रथम रिकामी गाडी, मग कुळव, आणि मान पक्की झाली म्हणजे नांगर, असा क्रम वाडवडिलांपासून चालत आला आहे. परंतु तोच शेतकरी कित्येक लाख रुपये मोजून नवी मोटार दारात आणतो, तेव्हा हा क्रम त्यास आठवत नाही. आम्हासही तो आठवला नव्हता. त्या चुकीतून जे शिकावयास मिळाले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही लहान डिझेल मोटार घेतली ती मुख्यतः इंधनाच्या बचतीसाठी. विक्रेत्याने लीटरला 23 किलोमीटर असा आकडा सांगितला होता. पहिल्या महिन्याचा हिशेब केला तो 390 किलोमीटरला 26 लीटर डिझेल, म्हणजे लीटरला 15 किलोमीटर. घरात वाद झाला. आपण फसलो, गाडी परत करावी, इथपर्यंत मजल गेली. विक्रेत्याकडे तक्रार नेली, तेथे “चालवा, सुधारेल” याखेरीज उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या महिन्यात गाडीच्या फलकावर पिवळा दिवा लागला. तेव्हा गाडी एका जाणत्या कारागिरास दाखविली. त्याने यंत्रास हात लावण्यापूर्वी आम्हास विचारले, “गाडी रोज कोठे जाते ?” गाडी रोज घरापासून तीन किलोमीटरवरील मळ्यात दोन वेळा जात होती, आणि बाजाराच्या दिवशी गार हवेचे यंत्र चालू ठेवून बाजार-समितीच्या दारात तासन्‌तास उभी राहत होती. सगळा रोग या उत्तरात होता. तो समजण्यास डिझेल इंजिनाचा स्वभाव थोडा जाणून घेतला पाहिजे.

डिझेल कमी का लागते ?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाने 1893 मध्ये आपल्या इंजिनाचे पेटंट घेतले व 1897 मध्ये ते समाधानकारक चालवून दाखविले. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात अशा जातीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते, ही गोष्ट आपल्यासारख्या भुईमूग पिकविणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. या इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सुमारे दहाव्या-अकराव्या हिश्शापर्यंत दाबतात व ठिणगीने पेटवितात. डिझेल इंजिनात नुसती हवा सुमारे सोळाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. ती इतकी तापते की आत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवा अधिक दाबली गेल्यामुळे उष्णतेचा अधिक भाग कामी लागतो. शिवाय एक लीटर डिझेलमध्ये एक लीटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक दशमांशाने अधिक उष्णता असते. या दोन कारणांनी डिझेलची गाडी तेवढ्याच इंधनात अधिक लांब जाते.

परंतु याच गुणात एक अडचण आहे. उष्णता वाया कमी जात असल्याने हे इंजिन तापावयास वेळ घेते. तीन किलोमीटरच्या फेरीत ते नीट तापण्यापूर्वीच बंद होते. थंड वंगण घट्ट असते, घर्षण अधिक होते आणि इंधन जास्त जाते.

रुळवणी म्हणजे काय ?

इंजिनाच्या सिलिंडरची आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत नसते. तीवर कारखान्यात मुद्दाम बारीक, एकमेकांस छेदणाऱ्या रेघा पाडलेल्या असतात. दट्ट्याच्या कड्या, ज्यांस आपण रिंगा म्हणतो, त्या पहिल्या काही शे किलोमीटरांत या रेघांचे उंचवटे किंचित झिजवून भिंतीशी बरोबर मिळतात. त्या चांगल्या मिळाल्या तर दाब गळत नाही व वंगण जळत नाही. रिंगांस भिंतीवर दाबून धरणारा जो जोर, तो मुख्यतः जळणाऱ्या वायूचा असतो. म्हणजे इंजिनावर काही भार असल्यावाचून रिंगा नीट बसत नाहीत. नवे इंजिन नुसते उभ्याने चालू ठेवणे किंवा अतिशय हळू, निर्भार चालविणे यात काळजी घेतल्याचे समाधान असते, पण अपाय होतो; भिंतीवर वंगणाचा चकचकीत थर चढतो आणि रिंगा कायमच्या ढिल्या राहतात. पाणीपंपाचे नवे इंजिन कित्येक जण दिवसभर रिकामे चालवून “मोकळे” करतात, त्यांनीही याचा विचार करावा.

आम्ही पुढे जे नियम पाळले ते येणेप्रमाणे. पहिल्या हजार ते दीड हजार किलोमीटरांत इंजिनाचे फेरे मिनिटास अडीच हजारांच्या आसपास ठेवावेत, तीन हजारांपलीकडे नेऊ नयेत. वेग एकसारखा न ठेवता कमीजास्त करीत जावे. घाटाची मध्यम चढण ही यास उत्तम शाळा आहे. वरच्या गिअरमध्ये गाडी धापा टाकीत ओढावयास लावू नये, वेळीच खालचा गिअर घ्यावा. चार माणसे बसली तरी चालेल, परंतु मागे भरलेली ट्रॉली किंवा टपावर पोत्यांची थप्पी नको. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो व केवळ वंगणाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून सुरू केल्याबरोबर पाय जोराने दाबू नये, आणि मोठा चढ चढून आल्यावर मिनिटभर थांबून मग इंजिन बंद करावे. कंपनीच्या पुस्तिकेत याहून वेगळे लिहिले असेल तर पुस्तिकाच प्रमाण मानावी. नव्या इंजिनाचे, गिअरचे व टायरांचे घर्षण कमी होण्यास कित्येक हजार किलोमीटर लागतात. पहिल्या महिन्याच्या आकड्यावरून गाडीस दोष देणे म्हणजे पेरणीनंतर आठ दिवसांनी उतारा मोजण्यासारखे आहे.

काजळीची जाळी

देशात 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा हे धुराचे मानक लागू झाले. तेव्हापासून नव्या डिझेल मोटारींच्या धूर सोडण्याच्या नळीत काजळी अडविणारी जाळी असते. तिला कारागीर डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी गाडीने स्वतःच वेळोवेळी जाळावयाची असते आणि त्यासाठी सुमारे 600 अंश सेल्सिअस उष्णता लागते. ही उष्णता आणण्याकरिता इंजिन थोडे जादा डिझेल फवारते. गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटे चालली तर काम पुरे होते. मध्येच बंद केली तर जादा डिझेल फुकट जाते, काजळी तशीच राहते, आणि काही डिझेल इंजिनाच्या वंगणात उतरून ते पातळ होते. आमचा पिवळा दिवा याच जाळीचा होता. कारागिराच्या सांगण्याप्रमाणे गाडी हमरस्त्याने नेऊन आणली व दिवा गेला. तो दिवा तसाच राहू दिला असता तर जाळी बदलावी लागली असती आणि वर्षाची बचत त्यात गेली असती.

तेव्हापासून मळ्यातील फेरीस मोटारसायकल, आणि तालुक्यास किंवा जिल्ह्यास जावयाचे असेल तर मोटार, असा नियम आम्ही केला. बाजारात उभ्या गाडीचे इंजिन बंद करू लागलो. लहान डिझेल इंजिन उभ्याने तासास सुमारे अर्धा लीटर खाते, गार हवेचे यंत्र चालू असेल तर अधिक. म्हणजे दोन तासांच्या वाट पाहण्यात वीस किलोमीटरांची वाट जळून जाते.

वेग, हवा आणि उतार

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 किलोमीटरऐवजी 100 ने गेल्यास तो सुमारे दीडपटीहून थोडा अधिक होतो. पन्नास किलोमीटरच्या वाटेवर यात वाचतात अवघी साडेसात मिनिटे. टायरातील हवा पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, तपासावी. हवा कमी असलेले टायर म्हणजे भुसभुशीत रानातून गाडी ओढणे होय.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडण्याची खोड पुष्कळांस आहे. त्याने डिझेल वाचते असा समज आहे. आजच्या इंजिनात तो खोटा आहे. गाडी गिअरमध्ये असून पाय उचलला म्हणजे इंजिनास होणारा डिझेलचा पुरवठा पूर्ण बंद होतो, चाकेच इंजिन फिरवितात. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू राखण्यास डिझेल द्यावेच लागते, आणि सर्व भार ब्रेकवर येऊन ते तापतात. पसरणीसारख्या घाटात दोन पैशांच्या खोट्या बचतीसाठी घरची माणसे धोक्यात घालू नयेत.

शेतावरील तीन मोह

पहिला मोह ट्रॅक्टरसाठी पिंपात साठविलेल्या डिझेलचा. पिंपात तळाशी पाणी व धूळ जमते. जुने इंजिन ते सोशीत असे; परंतु नव्या मोटारीचा पंप हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट दाबाने डिझेल ढकलतो, व त्याचे वंगण डिझेल हेच असते. पाण्याने किंवा रॉकेलच्या भेसळीने त्याचा नाश होतो. दुसरा मोह ट्रॅक्टरच्या इंजिन ऑईलचा. जाळी असलेल्या गाडीस कमी राख धरणारे विशेष ऑईल लागते. काजळी जळते, पण राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. तिसरा मोह युरियाचा. काही डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे 32.5 टक्क्यांचे द्रावण घालतात. घरात युरियाचे पोते असताना विकत का घ्यावे, असे वाटते. परंतु शेतीचा युरिया 2015 पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन येतो व तो तितका शुद्धही नसतो. त्याने ती सर्व यंत्रणा बिघडते. पिकाचे खत पिकासच द्यावे.

मोजावे कसे ?

गाडीच्या जाहिरातीतील आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचा नसतो. तो प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर, सुमारे वीस मिनिटांच्या ठराविक चालीत, गार हवेचे यंत्र बंद ठेवून काढलेला असतो. आपला आकडा आपणच काढावा. एकाच पंपावर, नळी आपोआप थांबेपर्यंत टाकी भरावी व किलोमीटर लिहून घ्यावे. पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरावी. मधल्या किलोमीटरांस या खेपेच्या लीटरांनी भागावे. एका टाकीवर विश्वासू नये, पाच-सहा टाक्यांची सरासरी धरावी.

डिझेलची गाडी घ्यावी की नाही, हेही याच वहीने ठरवावे. समजा, डिझेलची गाडी पेट्रोलच्या गाडीहून 1 लाख रुपयांनी महाग आहे. पेट्रोल 105 रुपये लीटर व गाडी लीटरला 17 किलोमीटर जाते. डिझेल 92 रुपये व गाडी 22 किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे 2 रुपये वाचतात व जादा दिलेले लाख रुपये 50,000 किलोमीटरांनी फिटतात. महिना 1,500 किलोमीटर फिरणाऱ्याचे ते पावणेतीन वर्षांत फिटतील. महिना 500 किलोमीटर फिरणाऱ्यास आठ वर्षांहून अधिक लागतील, कर्जाचे व्याज वेगळेच. ज्याची गाडी गाव व मळा यांपलीकडे क्वचित जाते, त्याने डिझेलची मोटार घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यास जिल्ह्याच्या गावी वारंवार जावे लागते, त्याने खुशाल घ्यावी.

असो. आमची गाडी सात हजार किलोमीटर चालली तेव्हा सहा टाक्यांची सरासरी लीटरला 20 किलोमीटर आली. यातील किती श्रेय रुळलेल्या इंजिनास व किती आमच्या सुधारलेल्या हातास, हे सांगता येत नाही. दोहोंचा वाटा आहे एवढे निश्चित. विक्रेत्याने सांगितलेले 23 अद्याप दिसले नाहीत, पण वाद मिटला आहे. बैलाच्या वैरणीचा आणि खताच्या पोत्यांचा हिशेब ठेवणाऱ्या शेतकरी बंधूंनी गाडीच्या खणात एक लहान वही व पेन्सिल ठेवावी, आणि पहिली नोंद गाडी घरी आणल्या दिवशीच करावी.