प्रज्ञावान बालकांचे समृद्धी-शिक्षण : एक आढावा

पाठाचा जो भाग चाळीस-पन्नास मुलांच्या गळी उतरविण्यास शिक्षकाला पुरी तासिका खर्ची घालावी लागते, तो पहिल्या पाच मिनिटांतच आकळून, उरलेला सर्व वेळ खिडकीबाहेर पाहत, वहीच्या समासात रेघोट्या ओढत किंवा शेजाऱ्याची खोडी काढून शिक्षा ओढवून घेत घालविणारे एखादे मूल जवळजवळ प्रत्येक प्राथमिक शाळेत आढळते. आणि ते परीक्षेत वर येते, बक्षिसे मिळविते, एवढ्यावरून त्याच्यासाठी काही करावयाचे राहिले आहे असे ना पालकांना वाटते, ना शाळेला, ना शिक्षणखात्याला. मागे पडणाऱ्याला हात द्यावा ही गोष्ट समाजाला सहज पटते आणि ती पटावी हे उचितच आहे. परंतु ज्याला फार लवकर कळते त्याचीही शाळेत उपासमार होऊ शकते, हे पटवून देण्यासाठी शिक्षणशास्त्रज्ञांना बराच काळ झगडावे लागले. त्या झगड्यातून जे प्रयोग निघाले, त्यांपैकी आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी योजलेल्या प्रयोगांपुरताच हा आढावा मर्यादित ठेवला आहे. माध्यमिक शाळेतील गणिताची ऑलिंपियाडे, महाविद्यालयीन प्रवेशाच्या स्पर्धा हा निराळा मामला असून त्याची चर्चा आपल्याकडे गरजेपेक्षा अधिकच होते.

आरंभ करावा लागतो तो बुद्धिमापनापासून. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी जी कसोटी तयार केली तिचा हेतू, सामान्य वर्गात ज्यांचा निभाव लागत नाही अशी मुले हुडकून त्यांच्या शिक्षणाची तजवीज करावी, एवढाच होता. ती कसोटी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुईस टर्मन यांच्या हाती आली. त्यांनी १९१६ मध्ये तिची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली आणि १९२१ पासून कॅलिफोर्नियातील दीड हजारांहून अधिक कुशाग्र मुले निवडून त्यांच्या आयुष्यक्रमाचा मागोवा घेण्याचे प्रचंड काम आरंभिले. तीव्र बुद्धीची मुले हटकून रोगट, एकलकोंडी आणि विक्षिप्त निपजतात, हा त्या काळचा रूढ समज या कामाने खोडून काढला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु टर्मन यांनी त्या मुलांना काही शिकविले नाही. त्यांनी निवडले, मोजले आणि नोंदले. शिवाय बुद्धी ही रक्तातून येते व श्रेष्ठ वंशांची जोपासना व्हावी, या त्यांच्या मताचे सावट त्या कामावर सतत राहिले. निवडीची पद्धती किती पोकळ ठरू शकते याचा दाखला त्याच संशोधनात सापडतो : विल्यम शॉक्ले आणि लुईस अल्वारेझ या दोघांची लहानपणी टर्मन यांच्या कसोटीवर परीक्षा झाली होती व दोघेही त्यांच्या यादीत बसले नाहीत, पुढे एकाला १९५६ मध्ये आणि दुसऱ्याला १९६८ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा मुलांना शिकवावयाचे काय, हा प्रश्न ज्या व्यक्तीने प्रथम मनापासून हाती घेतला ती लेटा हॉलिंगवर्थ. नेब्रास्काच्या माळरानावर १८८६ साली जन्मलेल्या या बाई विवाहासाठी न्यूयॉर्कला आल्या तेव्हा विवाहित स्त्रीला शिक्षिकेची नोकरी देण्यास त्या शहराच्या शाळांना मुभा नव्हती. म्हणून त्या मानसशास्त्राकडे वळल्या, आणि मंदबुद्धी म्हणून पाठविल्या गेलेल्या मुलांची परीक्षा घेता घेता बुद्धिमापनात निष्णात झाल्या. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात शिकवीत असताना प्रात्यक्षिकासाठी वर्गात आणलेल्या एका बालकाचा बुद्ध्यंक १८७ भरला, आणि तेथून त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. १९२२ मध्ये मॅनहॅटनमधील एका सरकारी शाळेत त्यांनी सात ते नऊ वर्षांच्या निवडक मुलांचे दोन वर्ग चालविले; आणि १९३६ साली शहराच्या शिक्षणमंडळाने व टीचर्स कॉलेजाने मिळून स्पेयर स्कूल नावाची प्रायोगिक शाळा पाच वर्षांच्या मुदतीने उघडली, तेव्हा त्या विचाराला खरे रूप लाभले.

स्पेयर शाळेची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या इमारतीत बुद्धिमान मुलांचे वर्ग दोनच होते. बाकीचे वर्ग संथ गतीने शिकणाऱ्या मुलांचे होते, आणि दोहोंसाठी नवा अभ्यासक्रम शोधणे हे एकाच संस्थेचे काम मानलेले होते. बुद्धिमानांच्या वर्गांत सुमारे पन्नास मुले होती. हॉलिंगवर्थ यांचे निरीक्षण असे की, १४० च्या आसपास बुद्ध्यंक असलेल्या मुलाचा शाळेतील निम्मा वेळ वाया जातो आणि १७० च्या वर तर जवळजवळ सर्वच. तेव्हा नेमलेला अभ्यास अर्ध्या वेळात पुरा करून उरलेला अर्धा वेळ त्यांनी मोकळा केला. तो वेळ वरच्या इयत्तेची पुस्तके आधी वाचून संपविण्यात त्यांनी घालविला नाही. मुलाला दोन इयत्ता गाळून पुढे ढकलले की दहा वर्षांचे पोर बारा वर्षांच्या मुलांत जाऊन बसते, खेळात मागे पडते आणि एकटे होते, हे त्या जाणून होत्या. मोकळ्या वेळासाठी त्यांनी फ्रेंच भाषा, थोर व्यक्तींची चरित्रे, आणि मुख्य म्हणजे नित्याच्या वस्तूंची उत्क्रांती हा विषय योजला.

हा शेवटचा विषय म्हणजे त्या शाळेचा प्राण होता. अन्न, वस्त्र, निवारा, वाहतूक, दिवाबत्ती, कालमापन, अवजारे, दळणवळण, व्यापार, कायदा, आरोग्य अशा एकेका विषयाचा मागोवा मुलांनी मिळून घ्यावयाचा, ग्रंथालय धुंडाळावयाचे, जेथे ती वस्तू बनते तेथे जाऊन पाहावयाचे, वर्गात एकमेकांपुढे मांडावयाचे आणि हरकती घ्यावयाच्या, असा तो क्रम होता. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची बुद्धी प्रौढासारखी धावत असली तरी त्याचे अनुभवविश्व बालकाचेच असते. त्याला प्रेम, सत्ता, युद्ध यांवरील प्रौढ वाङ्मय वाचावयास दिले तर शब्द कळतील, अर्थ नाही. परंतु घरातला दिवा कोठून आला, या प्रश्नात त्याची सारी बुद्धी पणाला लागू शकते आणि त्याच्या अनुभवाबाहेर काहीच जात नाही. मला वाटते, या वयासाठी विषय निवडण्याची याहून सुज्ञ कसोटी पुढच्या काळात कोणाला सापडलेली नाही. हॉलिंगवर्थ १९३९ च्या नोव्हेंबरात वारल्या व प्रयोग १९४१ मध्ये मुदतीबरोबर संपला.

त्यानंतरची दीड दशके या क्षेत्रात फारसे काही घडले नाही. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला तेव्हा अमेरिकेला आपल्या बुद्धिमान मुलांची एकाएकी आठवण झाली. पैसा आला, पण तो बहुतांशी विज्ञान व गणिताच्या वरच्या वर्गांकडे गेला, आणि राष्ट्रसंरक्षणाच्या भयातून आलेली आस्था भय ओसरताच मंदावली.

पुढचे महत्त्वाचे पाऊल कनेक्टिकट विद्यापीठातील जोसेफ रेन्झुली यांचे. १९७७ मध्ये त्यांनी समृद्धीकरणाची त्रिविध योजना मांडली : प्रथम मुलांना पाठ्यक्रमात नसलेल्या विषयांचे, माणसांचे, कलांचे ओझरते दर्शन घडवावयाचे, मग नोंद कशी ठेवावी, मुलाखत कशी घ्यावी, मोजमाप कसे करावे यांचे शिक्षण द्यावयाचे, आणि त्यातून ज्याला एखाद्या प्रश्नाचा खरा ध्यास लागेल त्याला एकट्याने किंवा दोघा-तिघांच्या गटात तो प्रश्न तडीस नेऊ द्यावयाचा. पहिली दोन अंगे प्रत्येक मुलासाठी हितकर आहेत, असा त्यांचा आग्रह होता. तिसऱ्या अंगाविषयी त्यांची अट कडक होती : ज्याचे उत्तर शिक्षकाच्या खणात आधीच लिहून ठेवलेले आहे, तो प्रश्न येथे चालणार नाही, आणि काम पुरे झाल्यावर ते गुण देणाऱ्या शिक्षकाखेरीज अशा कोणापुढे गेले पाहिजे की ज्याला त्याची वास्तविक गरज आहे. १९७८ मध्ये त्यांनी प्रज्ञेची व्याख्याच पालटली. सरासरीहून बरी क्षमता, कामाला चिकटून राहण्याची वृत्ती आणि सर्जनशीलता यांचा जेथे संगम होतो तेथे प्रज्ञावंत वर्तन दिसते, असे ते म्हणाले. वरची एक-दोन टक्के मुले कायमची शिक्का मारून वेगळी काढण्याऐवजी त्यांनी पंधरा-वीस टक्क्यांचा मोठा समूह धरला आणि मूल कामाच्या ओघात आत येईल, काम संपल्यावर बाहेर जाईल, अशी व्यवस्था सुचविली. याच रेन्झुली यांनी एका सहकाऱ्यासह चाळीस वर्षांनंतर स्पेयर शाळेच्या विद्यार्थ्यांचा शोध घेतला होता, आणि प्रौढ झालेल्या त्या मुलांच्या मनात शाळेची आठवण ताजी होती.

सिंगापूरने १९८४ मध्ये याच्या उलट मार्ग धरला : प्राथमिक तिसरीत देशभर चाळणी लावून वरची सुमारे एक टक्का मुले ठरावीक शाळांत एकत्र आणावयाची. शिक्षण उत्तम होते, मुलांकडून स्वतंत्र संशोधनही करवून घेतले जाई. पण चाळणीच्या परीक्षेसाठी शिकवण्यांचा बाजार उभा राहिला. चाळीस वर्षे ही पद्धती चालविल्यावर २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ती तशा स्वरूपात बंद करून प्रत्येक प्राथमिक शाळेतच अशा मुलांची सोय करण्याचे जाहीर केले.

महाराष्ट्राकडे वळताना प्रथम आठवते ती शिष्यवृत्तीची परीक्षा. पूर्वी चौथी व सातवीत, आणि २०१६-१७ पासून काही वर्षे पाचवी व आठवीत घेतल्या गेलेल्या या परीक्षेने खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांना आपण हुशार आहोत ही जाणीव प्रथम करून दिली, आणि तेवढ्यापुरते तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु निवड झाल्यावर त्या मुलाच्या नित्याच्या वर्गात काहीही बदलत नाही. बदल होतो तो निवडीच्या आधी, आणि तोही सुट्ट्या व संध्याकाळी सरावसंचांत बुडून जाण्याचा. नवोदय विद्यालयांची योजना अधिक भरीव ठरली. पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक १९८५-८६ मध्ये अमरावतीला निघाले, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना राखून ठेवल्यामुळे तिचा लाभ योग्य ठिकाणी पोहोचला. मात्र तेथे प्रवेश सहावीत होतो, म्हणजे प्राथमिक वय तोवर सरलेले असते. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी व नववीच्या मुलांसाठी आहे. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधनाचा प्रकल्प हे टप्पे ठेवले आहेत, ही तिच्या रचनाकारांची दूरदृष्टी होय.

या सर्वांत पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे स्थान वेगळे आहे. विनायक विश्वनाथ तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ती स्थापिली, तेव्हा ती शाळा नव्हती. निरनिराळ्या शाळांतील बुद्धिमान विद्यार्थ्यांनी आपापली शाळा सांभाळून तेथे यावे आणि शाळेत न मिळणारे शिक्षण घ्यावे, अशी पूरक योजना होती. १९६९ मध्ये शाळा सुरू झाली व पाचवीपासून प्रवेश मिळू लागला. निवडीसाठी मानसशास्त्रज्ञ गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धान्तावर आधारलेल्या कसोट्या तेथील मानसशास्त्र विभागाने विकसित केल्या. त्यामुळे एका आकड्यात बुद्धी कोंबण्याचा दोष बराच टळला. परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते असे की, प्रकल्प हे तेथे शिक्षणाचे अंग मानले गेले आणि बुद्धीचा विनियोग समाजासाठी व्हावा हा हेतू उघडपणे सांगितला गेला. १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यात हराळीसारख्या गावी या संस्थेचे काम उभे राहिले, ते त्या हेतूला धरूनच.

निवडीच्या प्रश्नावर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने केलेले काम माध्यमिक वयाच्या मुलांचे असले तरी येथे सांगितले पाहिजे. महापालिकेच्या शाळांतील दलित आणि वंचित वस्त्यांमधील मुलांवर या केंद्राने मेहनत घेतली आणि १९८५ च्या सुमारास तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यातून दिसले ते हे की, ज्याला आपण बुद्धीची उणीव म्हणतो त्यातील मोठा भाग पाठ्यपुस्तकी भाषेच्या अडसराचा असतो. तो अडसर दूर केला की दडलेली क्षमता वर येते. दुसरीतल्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवरून त्याची प्रज्ञा ठरविणाऱ्यांनी हे अनुभव डोळ्यांपुढे ठेवले पाहिजेत.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, प्राथमिक वयात निवड आधी आणि काम मागाहून हा क्रम उलटा केला पाहिजे. काम सर्वांपुढे ठेवावे. कोणाला ते सोडवत नाही, हे मग आपोआप दिसते. हॉलिंगवर्थ यांचा कालमापनाचा विषय आपल्या चौथीच्या वर्गात आणावयाचा तर घटिकापात्रासारखे साधन नाही. लग्नमुहूर्त साधण्यासाठी पाण्याच्या घंगाळात तळाला बारीक छिद्र पाडलेली वाटी सोडीत, ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली, आणि अशा साठ घटिकांचे अहोरात्र. हे सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. ते करावयास घेतले की महिना जातो. छिद्र मोठे झाले तर वाटी नऊ मिनिटांत बुडते, लहान झाले तर बुडतच नाही; पितळी वाटी आणि पत्र्याचा डबा यांचा वेळ जमत नाही; सकाळच्या थंड पाण्यात आणि दुपारच्या कोमट पाण्यात फरक पडतो की काय, अशी शंका कोणीतरी काढते; कोणी छिद्राचा व्यास मोजण्यासाठी सुया गोळा करते; कोणाला गावातील वृद्ध पुरोहिताकडे जाऊन विचारावेसे वाटते. बहुतेक मुले चारसहा दिवस रमतात आणि त्यांना जे मिळते तेही कमी नाही. एखादे मूल मात्र वाटी बरोबर चोवीस मिनिटांत बुडेपर्यंत सोडीत नाही, आणि ती बुडाल्यावर विचारते की ज्यांच्याजवळ दुसरे घड्याळ नव्हते त्यांनी पहिली वाटी कशाशी ताडून पाहिली. त्या मुलाला त्या वेळी शंकूच्या सावलीकडे व मध्यान्हाकडे नेणारा शिक्षक हवा.

धान्याची मापेही अशीच. चार शेरांची पायली हे सर्वत्र मान्य, पण मण किती पायल्यांचा याचे उत्तर प्रांतोप्रांती निराळे. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला तरी अनेक घरांच्या माळ्यावर जुनी मापे अद्याप आहेत. तांदूळ भरून, तोलून, आजीला विचारून गावाचे कोष्टक मुलांनी तयार केले आणि ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले, तर रेन्झुली यांची कडक अट पुरी होते आणि खर्च होतो तो खडूचा.

खरी टंचाई आहे ती शिक्षकाच्या वेळेची. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष गुणवत्तेच्या मुलांसाठी प्रकल्पाधारित मंडळांचा उल्लेख आला आहे आणि शिक्षकांना तशी तयारी देण्याची भाषाही आहे. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशैक्षणिक कामांना मनाई करूनही जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका हे अपवाद ठेवले आहेत, आणि द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक मतदारयाद्यांत गुंतला की दुसऱ्याकडे चार इयत्ता येतात. अशा शाळेत आठवड्याच्या दोन सलग तासिका वेळापत्रकात छापून राखून ठेवाव्यात, त्या काळात दप्तरी काम मागवू नये, तालुक्यातील एका फिरत्या शिक्षकाने महिन्यातून एकदा येऊन मुलांच्या नोंदवह्या वाचाव्यात व पुढचा प्रश्न सुचवावा, एवढी तजवीज जिल्हा परिषदेच्या आवाक्यात आहे. केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही यंत्रणा तयार आहे. तपासणीच्या नमुन्यात पटसंख्या व हजेरी यांच्या खाली मुलांनी या महिन्यात कोणता प्रश्न हाती घेतला आहे, हा एक रकाना वाढवावा लागेल.