प्रोजेक्ट फाइल पुसल्यावर

२००९ साली स्प्रिंगरने एफपीजीए आणि हँडल-सीवरचं एक पुस्तक काढलं. लेखकांत पहिलं नाव शिवाजी विद्यापीठाच्या रजनीश कामतांचं. एफपीजीए म्हणजे आतली जोडणी पुन्हा पुन्हा बदलता येणारी चिप. हँडल-सी या सीसारख्या भाषेत लिहायचं आणि त्यातून थेट सर्किट उभं करायचं, तेही कोल्हापुरात बसून! कुरुंदवाडहून इचलकरंजीला शिकायला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचं भारी अप्रूप. त्याच सुमारास हँडल-सीचा कंपायलर मात्र सेलॉक्सिकाकडून अ‍ॅजिलिटीकडे आणि तिथून मेंटर ग्राफिक्सकडे गेला. पुढे ती भाषाच मागे पडली.

नंतरही जे बंद पडताना पाहिलं ते बहुतेक असंच. सर्किटात खोट नसायची, ते बांधणारं साधन गेलेलं असायचं. एफपीजीए बनवणाऱ्या झायलिंक्सचं आयएसई हे सॉफ्टवेअर २०१३ मध्ये १४.७ या आवृत्तीवर थांबलं. त्याच्या जागी आलेलं व्हिवाडो ७-मालिकेच्या आधीच्या चिपना हातच लावत नाही. कॉलेजांच्या कपाटांतले स्पार्टन-३ बोर्ड धडधाकट, पण नव्या सॉफ्टवेअरच्या लेखी ते नाहीतच.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीलाही हा प्रश्न चुकला नाही. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचे सिग्नल पकडायला नूतनीकरणात व्हर्टेक्स-५ चिपचे रोच बोर्ड बसवले. त्यावरची रचना कॅस्पर या आंतरराष्ट्रीय गटाच्या सामायिक ठोकळ्यांतून जुळवलेली. एकाने फिल्टर बांधायचा, जगभरच्या दुर्बिणींनी वापरायचा. हे ठोकळेही आयएसईला बांधलेले होते. मग कॅस्परने बांधणीची साखळी पायथनमध्ये नव्याने लिहिली आणि व्हिवाडोशी बोलणारा भाग वेगळा काढला. माझ्या मते त्या गटाचं हे सगळ्यात शहाणं काम. नवा ठोकळा लिहिण्याइतकी वाहवा त्याला मिळत नाही, एवढंच.

व्हीएचडीएल या सर्किट-भाषेतल्या आमच्या छोट्या कोडसंग्रहातही तेच केलं, उशिरा. पूर येणार म्हटल्यावर माळ्यावर काय चढवायचं आणि काय खाली सोडायचं, हे कुरुंदवाडकराला सांगावं लागत नाही. तसंच इथं: मूळ कोड, टेस्टबेंच आणि एक टीसीएल स्क्रिप्ट ठेवली, बाकी पुसलं. प्रोजेक्ट फाइल तर आधी. तिच्यात आवृत्तीचे आकडे आणि कुणाच्या तरी डी ड्राइव्हचा पत्ता याखेरीज फारसं काही नसतं. स्क्रिप्टमधून ती हवी तेव्हा तयार होते. कंपनीच्या विझार्डने बनवलेली मेमरी काढून साधा अ‍ॅरे लिहिला. क्लॉकवर वाचन-लेखन नीट मांडलं, की टूल तो स्वतःच ब्लॉक रॅममध्ये बसवतं. फिफोला, म्हणजे आधी आलेलं आधी सोडणाऱ्या रांगेला, ‘पुढे कधी लागेल’ म्हणून जोडलेले जेनेरिक पॅरामीटर होते. ते कधीच लागले नाहीत, तेही गेले.

कंपनीचे भाग गेल्याने एक सोय झाली. व्हिवाडो उतरवायचं तर कित्येक जीबी, आणि आमच्याकडचं नेट कसं होतं ते विचारू नका. जीएचडीएल हा मोफत सिम्युलेटर मात्र जुन्या लॅपटॉपवरही चालतो. त्यामुळे बोर्ड हाताशी नसला तरी टेस्टबेंच घरी चालवता येतो.

पिनांच्या फाइलपुढे मात्र उपाय नाही. आयएसईची यूसीएफ व्हिवाडोला चालत नाही, एक्सडीसी लागते. आणि कोणता एलईडी कोणत्या पायाला हे प्रत्येक बोर्डाचं निराळं. तिथं स्किमॅटिक उघडून एकेक पिन हातानेच लिहायची.